मराठी साईट स्क्रीन रीडरवर “वाचतच नाही”: दर काही महिन्यांनी परत येणारी तक्रार

पहिल्यांदा ही तक्रार आमच्या इतिहासाच्या सरांनी केली. सर आता निवृत्त आहेत. काचबिंदूने दृष्टी गेली त्याला दहा वर्षं झाली. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, लावून ते रोज दोन-तीन तास वाचतात. गावच्या वाचनालयाची साईट मी सांभाळतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून थेट मलाच फोन.

“अरे, वार्षिक सभेची सूचना टाकलीस म्हणे साईटवर. माझा लॅपटॉप नुसते आकडे बोलतोय. ट्वेंटी फोर, टेन, थर्टी. बाकी सगळं गप्प.”

मी साईट उघडली. सूचना समोर होती, अक्षरं स्पष्ट, सगळं जागच्या जागी. थोडं शोधल्यावर कारण सापडलं, दुरुस्त केलं, सरांना कळवलं. चार महिन्यांनी पुन्हा फोन: “परत वाचत नाही.” मी आधीचीच दुरुस्ती तपासली. ती जागेवर होती, आणि तरीही वाचत नव्हतं. अर्धा दिवस गेला. पुढच्या दिवाळीत तिसऱ्यांदा तेच. मधल्या काळात शाळेच्या आणि पतसंस्थेच्या साईटवरूनही हेच वाक्य आलं.

माझी चूक ही होती की तक्रारीचं वाक्य एकच आहे म्हणून बिघाडही एकच असणार असं मी धरून चाललो होतो. “वाचत नाही” या दोन शब्दांखाली निदान चार वेगवेगळे बिघाड असतात, आणि त्यांचे उपाय एकमेकांना अजिबात उपयोगी पडत नाहीत. आता असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: “नेमकं काय ऐकू येतंय?” आकडेच ऐकू येतात, की इंग्रजी अक्षरांची माळ, की “ग्राफिक” एवढाच शब्द, की मराठीच पण तुटक? या उत्तरातच निम्मं काम होतं. बाकीचं खाली लिहितोय. मराठी साईट सांभाळणाऱ्या कुणालाही हे लागणारच आहे.

आधी स्वतः ऐका

एनव्हीडीए फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. आज जगभरात तो वापरला जातो. तो तुमच्या विंडोज संगणकावर टाका. “आमच्याकडे अंध कुणी नाही, तपासणार कसं” ही अडचण खरी नाही. कान तुम्हालाही आहेत.

सुरुवातीला आवाजाचा वेग झेपत नाही. त्यासाठी एनव्हीडीएच्या मेनूत टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर नावाची खिडकी आहे. स्क्रीन रीडर जे काही बोलतो ते तिथे लिहून येतं. ती उघडी ठेवा आणि टॅब, बाण एवढ्यावरच पान फिरा. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढचा दुवा, जी दाबलं की पुढचं चित्र. इन्सर्टबरोबर एफ७ दाबलं की पानावरच्या दुव्यांची आणि शीर्षकांची यादी समोर येते. माऊसला हात लावू नका. दहा मिनिटांनी मॉनिटर बंद करून तेच पुन्हा करा. डोळे उघडे असले की आपण नकळत वाचून घेतो, आणि मग कानांनी ऐकलं असं वाटत राहतं. मला हे कळायला बराच वेळ लागला.

आकडे बोलतो, अक्षरं गिळतो

सरांचा पहिला बिघाड हा होता. वेब पानाच्या अगदी वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये “लँग” म्हणून एक नोंद असते. हे पान कुठल्या भाषेत आहे ते ती सांगते. ब्राउझर ती नोंद स्क्रीन रीडरला देतो आणि त्यावरून स्क्रीन रीडर आवाज निवडतो. आमची साईट विकत घेतलेल्या थीमवर, म्हणजे साईटच्या तयार साच्यावर, उभी होती आणि थीममध्ये “ईएन”, म्हणजे इंग्रजी, असं कायमचं लिहून ठेवलेलं होतं. सरांच्या लॅपटॉपने प्रामाणिकपणे इंग्रजी आवाज लावला. त्या आवाजाला देवनागरी येत नव्हती, म्हणून त्याने येत होते तेवढे आकडे वाचले.

तपासायला कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स उघडा. पहिल्या दोन-चार ओळींतच ती नोंद दिसते. मराठीसाठी तिथे “एमआर” हवं. वर्डप्रेसवर असाल तर सेटिंगमधल्या जनरल भागात साईटची भाषा मराठी करा. बहुतेक थीम तेवढ्यावर ऐकतात. न ऐकणाऱ्या थीमच्या हेडर फाईलमध्ये हाताने बदलावं लागतं. असं केलंत तर ते कुठेतरी लिहून ठेवा, कारण थीम अपडेट झाली की तुमचा बदल पुसला जातो आणि तक्रार परत येते.

इथे एक चूक मी दोन ठिकाणी पाहिली आहे. गाड्यांच्या नंबरपाटीवर एमएच असतं, म्हणून भाषेलाही “एमएच” लावलेलं. भाषांच्या कोडमध्ये एमएच म्हणजे मार्शलीज, प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरची भाषा. त्या भाषेचा आवाज आपल्याकडे बहुधा कुणाच्याच संगणकावर नसतो, त्यामुळे पुढे काय ऐकू येईल ते त्या त्या यंत्राच्या मर्जीवर.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण त्यात आवाज येतो. हिंदी साईटची नक्कल करून मराठी साईट बनवली की नोंद “एचआय” राहते. मग मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो. लिपी तीच असल्यामुळे शब्द साधारण कळतात, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण आकडे हिंदीत येतात. वर्गणी ४५ रुपये असेल तर “पैंतालीस” ऐकू येतं. आयुष्यभर पंचेचाळीस म्हणत आलेल्या सत्तरीच्या माणसाने प्रत्येक रकमेला थांबून मनात भाषांतर का करावं? गोव्यात तर हे आणखी जपावं लागतं. तिथे एकाच पानावर मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत असतात. लिपी पाहून यंत्राला भाषा ओळखता येत नाही, ती आपणच सांगावी लागते. कोकणी भागाला “केओके” आणि मराठी भागाला “एमआर” असं वेगवेगळं लावता येतं. मराठी पानात इंग्रजीचा अख्खा परिच्छेद असेल तर त्यालाही त्याची भाषा लावा. मात्र देवनागरीत लिहिलेल्या “ऑनलाईन”, “फॉर्म” अशा शब्दांना काही करायची गरज नाही. ते मराठी आवाज नीट वाचतो.

वेब सुलभतेचे जागतिक निकष डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जातात. पानाची भाषा सांगणं हा त्यातल्या सर्वात खालच्या, म्हणजे किमान पातळीचा निकष आहे, आणि तो २००८ पासून आहे.

साईट बरोबर असूनही आवाज येत नसेल तर वाचकाच्या यंत्राकडे वळा. एनव्हीडीएसोबत ईस्पीक एनजी नावाचा आवाज येतो आणि त्याला मराठी येते. आवाज यांत्रिक आहे, पण भरवशाचा. इन्सर्ट, कंट्रोल आणि एस दाबून तो निवडता येतो. शिवाय स्पीच सेटिंगमध्ये भाषा आपोआप बदलण्याची खूण चालू आहे ना ते बघा. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असेल तर गुगलच्या स्पीच सेवेत मराठी आवाज उतरवून घ्यावा लागतो. फोनवर समोरच्याला हे सगळं सांगताना घाई करू नका. ते ऐकत ऐकत शोधत असतात, आणि त्यांच्या कानात त्याच वेळी दोन आवाज चालू असतात, तुमचा आणि स्क्रीन रीडरचा.

ई जे के बी एच

चार महिन्यांनी आलेला दुसरा बिघाड हा होता. या वेळी सर म्हणाले, “इंग्रजी अक्षरं बडबडतोय, अर्थ काहीच नाही.”

सूचना कृतीदेवमध्ये टाईप केलेली होती. कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण फाईलमध्ये मराठी नसतं. कृतीदेवमध्ये “मराठी” लिहिलं की फाईलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, मोठा बी, एच. फॉन्ट फक्त ई च्या जागी म चं चित्र काढतो, जे च्या जागी र चं, के च्या जागी कान्याचं. डोळ्याला चित्र दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र अक्षरांचे कोड मिळतात. त्याने ई जे के बी एच वाचलं तर त्याचं काहीच चुकलेलं नाही.

हे फॉन्ट वाईट हेतूने बनलेले नाहीत. विंडोजला देवनागरी येतच नव्हती त्या काळात छापखाने, वर्तमानपत्रं, कचेऱ्या यांनी मराठी चालवली ती या फॉन्टच्या जोरावर, आणि ज्यांनी ते बनवले त्यांचे उपकारच आहेत. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत भारतीय भाषांवर मोठं काम झालं, अक्षरांच्या कोडचं इस्की हे भारतीय प्रमाणही १९९१ मध्ये आलं. युनिकोड हे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणारं प्रमाण; त्याच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरी होती. पण फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येकाने आपापली जुळणी ठेवली, आणि माणसांची बोटं त्या जुळणीवर बसली.

ओळखायची खूण सोपी आहे. मजकूर निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये किंवा फोनवरच्या संदेशात चिकटवा. इंग्रजी अक्षरं उमटली की जुना फॉन्ट. मराठीच राहिली तर युनिकोड.

बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते, कारण ती नंतर उच्चारली जाते. रफाराचं उलट: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. “वर्गणी” मध्ये र आधी बोलला जातो, मग ग. म्हणजे कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून चालत नाही, जागाही बदलाव्या लागतात, आणि जोडाक्षर आलं की तिथे तो चुकतो. हिंदीसाठी बनवलेला कन्व्हर्टर ळ आणि ऱ्य यांच्यापाशी हमखास अडखळतो. मी दर वेळी चार शब्द शोधून बघतो: किल्ल्यांच्या, वर्गणी, पुढाऱ्यांनी, बाळगणे. मजकुरात असे शब्द नीट उतरले असतील तर बहुधा बाकीचंही उतरलेलं असतं. मजकुरातले मूळ इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्ते मात्र कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो, ते हाताने परत लिहावे लागतात.

पीडीएफमध्ये हाच बिघाड लपून बसतो. पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये जुन्या फॉन्टने जुळवलेली पुस्तिका पीडीएफ झाली की ती देखणी दिसते आणि आत पुन्हा तेच ई जे के बी एच असतं. काही पीडीएफ तर सही-शिक्क्याचा कागद स्कॅन केलेल्या असतात. त्यात मजकूर नसतोच, फक्त फोटो असतो. पीडीएफ उघडून त्यात “सभा” असा शब्द शोधा. समोर दिसत असूनही सापडला नाही, तर ती पीडीएफ कानांसाठी बंद आहे असं समजा.

आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. युनिकोडमध्ये नीट टाईप केलेली फाईलसुद्धा पीडीएफ होताना बिघडू शकते. पीडीएफ अक्षरांची आकृती साठवते, आणि देवनागरीतल्या जोडाक्षराच्या एका आकृतीमागे दोन-तीन अक्षरं असतात. आकृतीवरून मूळ अक्षरांकडे परत जायचा रस्ता त्या फाईलमध्ये नीट नोंदलेला नसेल तर वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, जोडाक्षरं गळतात. वर्डमधून करायची झाली तर “प्रिंट” मार्गाने पीडीएफ करू नका, त्यात शीर्षकं-परिच्छेदांच्या खुणा गळून पडतात. “सेव्ह ॲज” मधून करा आणि पर्यायांत सुलभतेसाठीच्या रचनेच्या खुणा चालू ठेवा. पण माझं मत विचाराल तर सूचना पीडीएफमध्ये टाकूच नका. सूचनेचा मजकूर पानावरच लिहा. सही-शिक्क्याची प्रत ज्यांना हवी त्यांच्यासाठी पीडीएफचा दुवा खाली द्या. हा एक नियम पाळल्यापासून आमच्याकडच्या तक्रारी सर्वात जास्त घटल्या. फोनवर बघणाऱ्या डोळसांनाही आता बोटांनी पान मोठं करत बसावं लागत नाही.

“ग्राफिक”, आणि मग शांतता

दिवाळीतला तिसरा बिघाड. दिवाळी अंक योजनेची माहिती एका सभासदाने सुंदर बॅनर करून व्हॉट्सॲपवर पाठवली आणि ती तशीच साईटवर चढली. अंकांची यादी, अनामत रक्कम, शेवटची तारीख, सगळं चित्रात. चित्राला पर्यायी मजकूर (“ऑल्ट टेक्स्ट”, चित्राऐवजी वाचून दाखवायचे शब्द) नव्हता आणि ते दुव्यात गुंफलेलं होतं. अशा वेळी सांगायला दुसरं काहीच नसल्यामुळे स्क्रीन रीडर फाईलचं नाव वाचतो. सरांना “ग्राफिक” आणि व्हॉट्सॲपने दिलेलं ते लांबलचक आकडी नाव एवढंच ऐकू आलं, मग शांतता.

चित्रात सबंध सूचना असेल तर ती सगळी पर्यायी मजकुरात कोंबू नका. तिथे “दिवाळी अंक योजनेचा फलक, माहिती खाली” एवढं पुरे, आणि खाली खरा मजकूर. कार्यक्रमाचा फोटो असेल तर एक वाक्य: कोण काय करतंय. नुसती नक्षी किंवा रेघ असेल तर पर्यायी मजकुराची जागा रिकामी ठेवा, पण ठेवा. जागा रिकामी असणं आणि जागाच नसणं यात फरक आहे. रिकामी असेल तर स्क्रीन रीडर ते चित्र ओलांडून पुढे जातो.

शब्द तुटतात

हा बिघाड मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो आपल्या लिहिण्याच्या सवयींत आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत तो फारसा सापडत नाही. मराठी वाचलं जातं, पण मध्येच ठेचकाळतं.

पहिलं, विसर्ग. “स्वतः” लिहिताना आपल्यापैकी कितीतरी जण त पुढे विसर्गाऐवजी इंग्रजीतला अपूर्णविराम, म्हणजे कोलन टाकतात. डोळ्याला दोन्ही दोन टिंबंच. स्क्रीन रीडर मात्र “स्वत” म्हणून थांबतो, किंवा चिन्हं वाचण्याची पातळी वर ठेवलेली असेल तर “स्वत कोलन” म्हणतो. “दुःख” मध्ये तर शब्दाचे दोन तुकडे होतात. शोधतानाही हा शब्द सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी तो दुसराच शब्द आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर विसर्ग शिफ्ट आणि वजाच्या कळीवर आहे. फोनच्या कळफलकावर तो बहुधा स्वरचिन्हांत मिळतो. जुन्या मजकुरात सरसकट कोलन काढून विसर्ग घालू नका, कारण “वेळ: सकाळी १०” इथे कोलनच बरोबर आहे. शब्द घेऊन शोधा: स्वतः, दुःख, अंतःकरण, निःशुल्क, सामान्यतः, विशेषतः, मूलतः. आमच्या साईटवर एवढ्या शब्दांत जवळजवळ सगळं उरकलं.

दुसरं, फाकवलेली शीर्षकं. छापील जाहिरातीत शीर्षक रुंद दिसावं म्हणून “सू च ना” असं मोकळं टाईप करतात. कानाला ते सू, च, ना असं तीन वेगळ्या शब्दांत येतं. रुंद हवं असेल तर फॉन्ट मोठा करा. स्टाईलमधून अक्षरांतलं अंतर वाढवायलाही जाऊ नका, त्याने शिरोरेघ तुटते.

तिसरं, ऱ्य. “दऱ्या” आणि “दर्या” हे वेगळे शब्द आहेत, “आचाऱ्यांना” आणि “आचार्यांना” हेही. हा चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घेऊन. दुसरी, साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. काही साईट मजकूर साठवताना “साफसफाई” म्हणून न दिसणारी चिन्हं काढून टाकतात. ते जोडचिन्ह गेलं की र चा रफार होतो, आणि शाळेच्या पोषण आहारासाठी आचाऱ्यांची गरज असल्याची सूचना आचार्यांची होऊन बसते. डोळ्यांनी वाचणारा संदर्भाने सावरून घेतो, ऐकणाऱ्यापर्यंत चुकीचाच उच्चार जातो. उपाय दोन: टाईप करताना पहिली तऱ्हा वापरा, आणि साईटच्या साफसफाईच्या यादीतून ते जोडचिन्ह वगळायला सांगा.

ॲ चंही असंच आहे. “ॲप” मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला आहे. दिसायला सारखं असलं तरी काही आवाज तिथे अडखळतात आणि शोधताना तो शब्द निसटतो. सगळीकडे एकच रूप ठेवा.

वाचता येतं, भरता येत नाही

हे थोडक्यात सांगतो, कारण यावर लिहिलेलं पुष्कळ मिळतं. फॉर्मच्या चौकटीत फिकट अक्षरांत “नाव” लिहिलं म्हणजे चौकटीला नाव मिळालं असं नाही. लेबल वेगळं द्यावं लागतं, नाहीतर ऐकू येतं “एडिट, ब्लँक”. दुव्यांवर “येथे क्लिक करा” लिहू नका. इन्सर्ट आणि एफ७ ने दुव्यांची यादी उघडा, मग कळेल एकाखाली एक तेच वाक्य ऐकणं काय असतं. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा पूर्ण दृष्टिहीन माणसाला दारातच थांबवतो. तो लावायचाच असेल तर दुसरा मार्गही द्या. ओटीपीची वेळ वाढवता आली पाहिजे. संदेश ऐकणं, आकडे लक्षात ठेवणं, परत त्या चौकटीत येणं याला डोळसापेक्षा वेळ लागतो.

कमी दिसणाऱ्यांसाठी एक हिशेब करून पाहिला. पांढऱ्यावर केशरी अक्षरं आपल्याकडे फार आवडतात. नेहमीच्या केशरी रंगाचा पांढऱ्याशी विरोध (कॉन्ट्रास्ट) जेमतेम २.१ ला १ येतो, निकष मागतो किमान ४.५ ला १. त्याच केशरीवर काळी अक्षरं घेतली तर तो ९ च्या वर जातो. रंग सोडायची गरज नाही, जागा अदलाबदल केली की झालं. पान २०० टक्के मोठं करूनही बघा. ओळींतलं अंतर कमी असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात.

मग ते परत परत का येतं

मी दर वेळी साईट दुरुस्त करत होतो. बिघाड साईटमध्ये जन्मत नव्हता. सूचना सचिव हाताने लिहायचे, बाजारपेठेतल्या डीटीपीच्या दुकानात ताई ती टाईप करायच्या, तिथून पीडीएफ किंवा चित्र वाचनालयात यायचं आणि ग्रंथपाल मॅडम ते साईटवर चढवायच्या. माझा नंबर त्यानंतर, तक्रार आल्यावर.

शेवटी मी ताईंच्या दुकानात जाऊन बसलो. युनिकोड म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. “दादा, वीस वर्षं बोटं या कळांवर चालतायत. आता नवीन कळफलक शिकायचा म्हणजे दिवसाला चार पानं होतील. गिऱ्हाईक थांबेल का?”

त्यांचं बरोबर होतं. युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट शिकणं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खरं तर कळफलक आणि फॉन्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाईपरायटरवरचा रेमिंग्टन कळफलक युनिकोडमध्येही मिळतो. मी तो त्यांच्या संगणकावर बसवला. काही कळा थोड्या इकडे-तिकडे होत्या, त्यांची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली. पंधरा दिवसांत त्यांची बोटं रुळली. आता सूचना नुसता मजकूर म्हणून ईमेलने येते आणि मॅडम ती पानावर चिकटवतात. बॅनर आलं तर मॅडम स्वतःच पाठवणाऱ्याला म्हणतात, “मजकूर वेगळा पाठवा, मग लावते.”

समितीत प्रश्न आला होता की आपले अंध सभासद किती? एक. मी २०११ च्या जनगणनेचा आकडा सांगितला. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग, त्यांत दृष्टीसंबंधी अडचण असलेले सुमारे ५ लाख ७४ हजार. आपल्या तालुक्यातले जे असतील त्यांना आपली साईट वाचताच आली नाही, तर सभासद होता येतं हे त्यांना कळणार कुठून? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुलभ स्वरूपात असावा असं सांगतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळण्याच्या, प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. सचिवांनी हे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, खर्च किती? खर्च काहीच नव्हता. ताईंचे पंधरा दिवस आणि मॅडमचं दर सूचनेमागे पाच मिनिटांचं ऐकणं, एवढाच.

ते ऐकणं मॅडमनीच ठरवून घेतलं आहे. नवीन सूचना चढवली की त्या हेडफोन लावतात, डोळे मिटतात आणि एकदा पूर्ण ऐकतात. मागच्या महिन्यात त्यांनीच “निःशुल्क” मधला कोलन पकडला.

आता राहिले जुने वार्षिक अहवाल. १९९८ ते २०११ पर्यंतचे सगळे स्कॅन केलेले, म्हणजे नुसते फोटो. गुगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडले की त्यांतला मराठी मजकूर बराचसा सुटून येतो, पण तक्ते विस्कटतात आणि ऱ्य दर वेळी तपासावा लागतो. सरांना २००३ चा हवा आहे, त्या वर्षी वाचनालयाच्या शतकोत्तर समारंभात त्यांचं भाषण झालं होतं. तो या आठवड्यात घेतलाय. अकरा पानं झाली, सतरा बाकी आहेत.